लाइन गेली की काय चालतं, किती वेळ चालतं

नागपुरात इन्व्हर्टरची बॅटरी मरते एप्रिल-मेमध्ये आणि मेल्याचं कळतं जूनमध्ये. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक दिवस, संपता संपता एखाद्या संध्याकाळी धुळीचं वादळ उठतं, कुठली तरी फांदी तारेवर पडते, लाइन जाते, आणि गेल्या वर्षी चार तास चाललेले पंखे पाऊण तासात थांबतात. मग दुकानदाराला बोल लागतात. वास्तविक बिघाड दोन महिने आधीच झालेला असतो. बॅटरीतलं पाणी आटलेलं असतं, ती पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकलेली असते आणि होळीनंतर तिच्याकडे कुणी वाकूनही पाहिलेलं नसतं.

इन्व्हर्टर, राउटर, पॉवर बँक, फोन या सगळ्या वस्तू बऱ्याच घरांत आहेत. त्यांच्यावर लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ आणि त्यांची देखभाल कोणत्या महिन्यात करायची, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सुरुवात आकड्यांपासून करू.

१५० एएच म्हणजे किती पंखे?

घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची असते. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की तिच्यात साठणारी वीज वॅट-तासांत मिळते: १२ × १५० = १८००. पण हे १८०० पूर्ण हाती लागत नाहीत. १५० हा आकडा बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारा आहे. तीच बॅटरी चार-पाच तासांत ओढली तर ती साधारण ८० टक्केच देते. त्यात बॅटरीची डीसी वीज घरच्या लाइनसारखी एसी करताना इन्व्हर्टर स्वतः १५ ते २० टक्के खातो. म्हणून नव्या बॅटरीचा हिशेब १८०० × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ११५० वॅट-तास असा धरावा. तीन-चार उन्हाळे पाहिलेल्या बॅटरीचा याच्या निम्मा धरला तरी हरकत नाही.

आता खर्चाची बाजू. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, एलईडी बल्ब ९, एलईडी ट्यूब २०, राउटर १० ते १२, फोनचा साधा चार्जर १०. तीन पंखे, चार बल्ब, एक ट्यूब, राउटर आणि दोन फोन मिळून ३१० वॅट होतात. ११५० भागिले ३१०, म्हणजे पावणेचार तासांच्या आत-बाहेर. तेच तीन पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, केले तर प्रत्येकी ३० वॅट लागतात, बेरीज १७५ वर येते आणि तीच बॅटरी साडेसहा तास ओढते. त्यामुळे ‘बॅकअप कमी पडतो’ म्हणून दुसरी बॅटरी घ्यायला निघालेल्याने आधी झोपायच्या खोल्यांतले पंखे बदलावेत. पंखा बारा महिने बिल वाचवतो. दुसरी बॅटरी वर्षातले बहुतेक दिवस नुसती पाणी मागते.

कूलरचं गणित वेगळं आहे. मोठा लोखंडी डेझर्ट कूलर पंप धरून २०० ते २५० वॅट खातो. वरच्या ३१० मधला एक पंखा बंद करून कूलर लावला तर एकूण ४५० च्या पुढे जातं आणि वेळ सव्वादोन-अडीच तासांवर येतो. रात्री लाइन गेल्यावर पंप बंद करून नुसता कूलरचा पंखा चालवण्याची युक्ती बरेच जण करतात. पण मोटरच जास्त खाते, पंप जेमतेम २० ते ४० वॅटचा असतो. बचत करायची तर मोटर कमी वेगावर ठेवावी आणि पंप चालू राहू द्यावा. ताट्या (कूलरच्या बाजूंचे गवताचे पडदे) कोरड्या पडल्या की कूलर गरम वाराच फेकतो.

फ्रिज, पाण्याची मोटर, गिझर, प्रेस आणि एसी या लाइनीवर नकोत. फ्रिज चालू असताना दीडशे वॅटच्या आत असतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडतो. इन्व्हर्टरवरचा ‘९०० व्हीए’ हा आकडाही ९०० वॅट समजू नये. प्रत्यक्षात त्या इन्व्हर्टरला ७०० ते ७५० वॅटपर्यंतच झेपतं.

आणखी एक फरक कानाने ओळखता येतो. लाइन गेल्यावर पंखा घुंघुं आवाज करू लागला तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. पंखा-कूलरच्या मोटरला तो लहर चांगली देत नाही, मोटर जास्त तापते. कूलर चालवायचा असेल तर साइन वेव्हचाच घ्यावा.

बॅटरी आणि ऊन

लेड-ॲसिड बॅटरीचं छापील आयुष्य २५ ते २७ अंशांसाठी असतं. त्यावर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तो तर सावलीतला, वेधशाळेच्या पेटीतला आकडा. गच्चीवरची टिनाची खोली, जिन्याखालचा बंद कोनाडा, पश्चिमेची गॅलरी इथे बॅटरी भाजून निघते. बॅटरी जिथे ठेवली आहे त्याच फळीवर एक साधा थर्मामीटर ठेवून मेमध्ये दुपारी चार वाजता आकडा पाहा. बातमीतल्या तापमानावर विसंबू नका. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं.

उष्णतेने दोन गोष्टी होतात. बॅटरीतल्या शिशाच्या पत्र्यांची झीज वाढते आणि पाणी लवकर आटतं. हिवाळ्यात दोन-तीन महिन्यांनी पाणी पाहिलं तरी चालतं. मार्च ते जून मात्र दर महिन्याला पाहावं लागतं. ट्यूब्युलर बॅटरीला सहा बुचं असतात, प्रत्येकावर लाल-हिरव्या खुणेचा तरंगणारा दांडा असतो. लाल खूण दिसली की पाणी टाकायचं, हिरव्यावर थांबायचं.

पाणी फक्त डिस्टिल्ड, बॅटरीवाल्याकडे पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं ते. नळाचं, बोअरचं किंवा आरओचंही नको. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतात, आणि ते दरवेळी बॅटरीतच साचत जातात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी ‘डिस्टिल्डच असतं’ असं सांगणारे प्रत्येक कॉलनीत भेटतात. ते कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन येतं, त्यामुळे तेही नको. ॲसिड तर कधीच टाकू नये. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड ओतलं की प्रमाण बिघडतं आणि पत्रे खाल्ले जातात.

क्रम असा. भिंतीवरचं मेनचं बटण आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. आसपास उदबत्ती, दिवा, सिगारेट काहीही नको, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. देवघराखालच्या कपाटात बॅटरी ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर भरावं. चार्ज होताना पातळी वर चढते, त्यामुळे रिकाम्या बॅटरीत काठोकाठ भरलेलं पाणी नंतर ॲसिडसकट बाहेर येतं आणि फरशीवर डाग पाडतं. फक्त पत्रे उघडे पडले असतील तर ते बुडतील इतकंच आधी टाकावं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचते, तिच्यामुळे जोड तापतो आणि चार्जिंग अर्धवट होतं. ती काढायला आधी निगेटिव्ह वायर सोडावी, मग पॉझिटिव्ह. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासावं. सोडा बॅटरीच्या आत जाणार नाही म्हणून बुचं घट्ट असावीत. पुसून कोरडं करून वायरी उलट क्रमाने जोडाव्यात, वरून पेट्रोलियम जेली लावावी.

जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, शिवाय किमतीत सूटही मिळते. भंगारात गेलेली बॅटरी कुठे तरी उघड्यावर फोडली जाते आणि शिसं-ॲसिड मातीत उतरतं.

लिथियमचे इन्व्हर्टर आता मिळतात. पाणी नाही, वजन कमी, आणि साठवलेल्यापैकी जवळपास सगळी वीज वापरता येते. पण त्यांनाही ऊन मानवत नाही. आतलं सुरक्षा सर्किट ठरावीक तापमानापुढे चार्जिंग थांबवतं, म्हणून टिनाच्या खोलीत ते ठेवूनही सुटका नाही.

लाइन असताना रिकामी होणारी बॅटरी

हा दोष फार कमी लोकांच्या लक्षात येतो. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’. यूपीएसवर इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टमधलीच लाइन स्वीकारतो, इकोवर १०० ते २९०. उन्हाळ्याच्या रात्री गल्लीतले सगळे एसी-कूलर एकदम चालू होतात, जुन्या वस्त्यांत व्होल्टेज १७५ वर येतं, आणि यूपीएसवर ठेवलेला इन्व्हर्टर ‘लाइन नाही’ असं समजून बॅटरीवर जातो. दिवे चालूच असतात, घरात कुणाला पत्ता लागत नाही. दोन तासांनी खरोखर लाइन जाते तेव्हा बॅटरीत काही उरलेलं नसतं.

यूपीएस मोड फक्त डेस्कटॉप कॉम्प्युटरसाठी लागतो, कारण त्यात अदलाबदल १० मिलिसेकंदांच्या आसपास होते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला गरज नाही. डेस्कटॉप नसेल तर बटण उन्हाळाभर इकोवर ठेवावं. व्होल्टेज खरंच पडतं का, हे पाहायला सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर पुरतो. रात्री दहा ते बारा आकडा लिहून ठेवावा आणि सतत २०० च्या खाली असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार द्यावी. तोंडी ‘लाइट डिम आहे’ म्हणण्यापेक्षा तारीख, वेळ आणि व्होल्ट लिहिलेला कागद लवकर पुढे सरकतो.

चार्जिंगलाही वेळ लागतो, हे विसरू नये. १५० एएचची रिकामी बॅटरी १५ अँपिअरने भरायला दहा ते बारा तास लागतात. दुपारी तीन तास लाइन गेली असेल, तर रात्री नऊला पुन्हा गेल्यावर अर्ध्याच बॅकअपचा हिशेब धरायचा.

कूलर, पाणी आणि ३० मिलीअँपिअर

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं दगावतात. लोखंडी खोका, ओली फरशी, अनवाणी पाय, हातात बादली किंवा नळी: यापेक्षा वाईट जुळणी होत नाही. एमसीबी, म्हणजे बोर्डातला लोड वाढला की पडणारा खटका, इथे वाचवत नाही. तो ६ किंवा १६ अँपिअरच्या वर गेल्यावर पडतो, आणि माणसाच्या छातीतून जाणारा ०.०३ अँपिअरच्या पुढचा प्रवाहही जीवघेणा ठरू शकतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलीअँपिअरचा. आत गेलेली आणि परत आलेली वीज सारखी नसली की तो सेकंदाच्या लहानशा भागात लाइन तोडतो. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला नाही तर आरसीसीबी निकामी समजून बदलायचा.

इथेच इन्व्हर्टरचा घोळ होतो. वायरिंग करताना इन्व्हर्टरची न्यूट्रल आणि घरातली न्यूट्रल एकत्र केली असेल तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. कंटाळून वायरमन आरसीसीबीच बायपास करून देतो, घरमालक खूश होतो, आणि संरक्षण गेलेलं असतं. तुमच्या घरी आरसीसीबी ‘फार पडायचा, आता बरा झाला’ असेल तर तो खरंच जोडलेला आहे का, हे आजच टेस्ट बटण दाबून पाहा. योग्य उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या सर्किटची न्यूट्रल वेगळी करणं. त्या सर्किटला त्याचा स्वतंत्र आरसीसीबीही लागतो, कारण बॅटरीवर चालताना मेन बोर्डातला आरसीसीबी राखण करेलच असं नाही.

अर्थिंगशिवाय हे सगळं अर्धवट आहे. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा आणि हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट लावलेली हवी, नुसती गुंडाळलेली नको. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही. बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटण बंद असूनही मोटरपर्यंत फेज पोचलेला असतो. प्लग काढायचा, मगच नळी धरायची, पायात चप्पल घालून.

राउटर चालू, नेट बंद

राउटरपुरता बॅकअप हवा असेल तर अख्खा इन्व्हर्टर लागत नाही, मिनी यूपीएस पुरतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक राउटर १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअरचे असतात, पण ९ आणि ५ व्होल्टचेही आहेत. ९ च्या राउटरला १२ व्होल्ट दिले की तो जळू शकतो. पिनचा बाहेरचा व्यास बहुधा ५.५ मिलीमीटर असतो, आतला मात्र २.१ किंवा २.५. चुकीची पिन बसते पण सैल राहते, आणि राउटर दर पंधरा मिनिटांनी रीस्टार्ट होतो. लोक मग नेट कंपनीला फोन करत बसतात.

मिनी यूपीएसवर ‘१०००० एमएएच’ लिहिलेलं असतं. ते ३.७ व्होल्टवरचं, म्हणजे ३७ वॅट-तास. १० वॅटच्या राउटरला नुकसान वजा जाता तीन तास मिळतील. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते. एकालाच दिली तर वाय-फायची खूण दिसते पण नेट येत नाही.

घरची बाजू चोख असूनही नेट बंद राहू शकतं. काही फायबर जाळ्यांत केंद्रापासून घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारं काही नसतं. पण बऱ्याच स्थानिक केबलवाल्यांचे स्विच एखाद्या बिल्डिंगच्या जिन्यात किंवा खांबावरच्या डब्यात असतात, आणि त्या भागाची लाइन गेली की तेही जातात. मिनी यूपीएस घेण्याआधी केबलवाल्याला एवढं विचारा: ‘तुमच्या डब्याला बॅकअप आहे का, किती तास?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ते पैसे दुसऱ्या कंपनीच्या सिमकार्डावर घाला. मोबाइल टॉवरला बॅटरी असते, काहींना जनरेटरही. मात्र सगळी वस्ती एकदम मोबाइल डेटावर आली की नेट रखडतं. अशा वेळी व्हॉट्सॲपवर गोल फिरणारं चक्र बघत बसण्यापेक्षा साधा एसएमएस पाठवावा.

पॉवर बँक आणि तापलेला फोन

२०००० एमएएचची पॉवर बँक ५००० एमएएचचा फोन चार वेळा भरेल, हा हिशेब चुकतो. तेही ३.७ व्होल्टवरचे एमएएच. म्हणजे ७४ वॅट-तास. पाच व्होल्ट करताना काही जातं, फोनमध्ये शिरताना काही जातं, आणि हाती तीन चार्ज लागतात. डब्यावर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ १२-१३ हजार लिहिलेली असते, खरी तीच. बीआयएसची नोंदणी खूण नसलेली, वजनाला हलकी आणि दराला फारच स्वस्त असलेली सीताबर्डीच्या फुटपाथवरची पॉवर बँक घरात ठेवू नये.

न वापरता ठेवायची तर ५० ते ६० टक्के भरून, थंड कपाटात, आणि तीन महिन्यांतून एकदा तपासून. पूर्ण भरून ठेवलेली लिथियम बॅटरी उन्हाळ्यात लवकर म्हातारी होते. हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला की पूर्ण भरावी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती कधीच सोडू नये. मेमधल्या दुपारी बंद गाडीचं आतलं तापमान ६० अंशांच्या पुढे जातं.

फोन दुपारी हळू चार्ज होतो तो चार्जर खराब म्हणून नव्हे. बॅटरी तापली की फोन स्वतःच चार्जिंग कमी करतो. कव्हर काढावं, पंख्याखाली फरशीवर ठेवावा, उशीखाली नाही. फ्रिजमध्ये ठेवणं सगळ्यात वाईट, आत दव धरतं. फोनचं मागचं झाकण फुगलेलं, स्क्रीन एका कडेने उचललेली दिसली तर चार्जिंग लगेच थांबवावं. ती बॅटरी फुगली आहे, दाबून बसवायची नाही आणि टोचायची तर नाहीच.

मृग लागल्यावर

उन्हाळ्याची काळजी बॅटरीची, पावसाळ्याची उरलेल्या सगळ्याची. वादळात खांबावरची न्यूट्रल तुटते, तेव्हा घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. ओळख सोपी आहे: काही बल्ब एकदम लखलखीत होतात, काही मिणमिणतात, पंखा जोरात फिरू लागतो. कारण शोधत बसू नये, ताबडतोब मेन स्विच पाडावा. त्या एका मिनिटात टीव्ही, फ्रिज, सेटटॉप बॉक्स सगळं जाऊ शकतं. मग महावितरणला १९१२ वर किंवा १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५ या क्रमांकांवर कळवावं. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक फोनमध्ये जपून ठेवावा, लाइन गेल्यावर अंधारात बिल सापडत नाही. त्याच क्रमांकाशी मोबाइल जोडलेला असेल तर दुरुस्तीसाठी ठरवून बंद ठेवायच्या वेळाही एसएमएसने कळतात.

जवळ पडलेली वीज स्पाइक गार्ड अडवत नाही. प्लग काढणं हाच उपाय, आणि डिशची केबल व लॅनची वायरही काढायची. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण राउटरचा ॲडॅप्टर नेतो. कडकडाट डोक्यावर आल्यावर प्लग ओढायला जाऊ नये, आधी काढावेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरवर पडणाऱ्या विजा दाखवतं. गच्चीवरचे पापड-कुरडया उचलायला आणि प्लग काढायला तेवढा वेळ पुरतो. लोकेशनची परवानगी नाकारलेली असेल तर ते ॲप काहीच सांगणार नाही, एकदा उघडून तपासा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘आपत्कालीन सूचना’ चालू आहेत का, हेही त्याच वेळी पाहावं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यांत पाणी शिरलं. जमिनीपासून सहा इंचांच्या ट्रॉलीवरचे इन्व्हर्टर अशा वेळी पहिले जातात. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी बॅटरीसाठी कमरेइतका सिमेंटचा ओटा बांधून घ्यावा. बॅटरी ५५ किलोच्या आसपास असते, लाकडी स्टूल चालत नाही. पाणी उंबऱ्याला लागलं की मेन पाडावा आणि इन्व्हर्टरही बंद करावा. मेन पाडला तरी इन्व्हर्टर सॉकेटांत २३० व्होल्ट सोडतच असतो, हे घाईत विसरलं जातं. पाणी आधीच शिरलं असेल तर त्यात उभं राहून बोर्डाला हात लावू नये, महावितरणला फोन करून खांबावरून लाइन तोडायला सांगावं. ओसरल्यावर वायरमनकडून मेगरने (वायरीतून वीज गळते का ते दाखवणाऱ्या मीटरने) वायरिंग तपासून घेतल्याशिवाय मेन उचलायचा नाही.

उरलेलं थोडक्यात

फ्रिज न उघडता राहिला तर चार तास गारवा धरतो, दर अर्ध्या तासाला उघडून पाहिलं तर नाही. घरात इन्सुलिन असेल तर छोट्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात बंद डब्यात ते ठेवता येतं. मेच्या कोरड्या हवेत मडकं चांगलं गार राहतं, जुलैत नाही. कूलर जुलैत चालत नाही त्याच कारणाने. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात मात्र घरगुती इन्व्हर्टरवर विसंबणं धोक्याचं आहे. पाच लिटरचं यंत्र एकटंच ३०० ते ३५० वॅट खातं. तिथे भरलेला सिलिंडर जवळ हवा.

स्मार्ट प्लग वापरत असाल तर ॲपमध्ये ‘लाइन आल्यावर काय करायचं’ अशी सेटिंग असते. गिझर आणि प्रेससाठी ती ‘बंद’ वर ठेवा. नाहीतर तुम्ही गावाला गेलेले असताना लाइन जाऊन येईल आणि गिझर आपोआप सुरू होईल. स्मार्ट लॉकची साधी किल्ली घराच्या आत ठेवून उपयोग नाही, शेजारी द्यावी.

यूपीआय नेटवर चालतं, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा मिळून हजारभर रुपये घरात असावेत. नेट नसताना बँकेला जोडलेल्या क्रमांकावरून *९९# ने पैसे पाठवता येतात, फक्त ते एकदा आधी करून पाहिलेलं असावं. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक कागदावर लिहावा. फोन हरवला तर ‘संचार साथी’वर तो बंद करायला हाच क्रमांक लागतो, आणि त्या वेळी फोन हाताशी नसतो. लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि घरच्या दोघांचे क्रमांक घातले की अनोळखी माणसालाही फोन न उघडता दिसतात.

हे सगळं कधी करायचं? होळीला कूलर उतरवताना अर्थिंग, आरसीसीबी आणि बॅटरीचं पाणी. त्याच आठवड्यात एका सुट्टीच्या दिवशी इन्व्हर्टरचा मेन प्लग काढून रोजचा लोड लावावा आणि किती वेळ चालतं ते घड्याळ लावून पाहावं. गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी आलं तर बॅटरी तेव्हाच बदलावी, मेमध्ये दुकानात रांग असते. अक्षय तृतीयेला आणि नवतप्याच्या पहिल्या दिवशी पुन्हा पाणी. मृगाला दामिनी ॲप, प्लग आणि गच्चीवरच्या वायरी. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिनी यूपीएस आणि पॉवर बँक एकदा पूर्ण वापरून भराव्यात. दिवाळीच्या साफसफाईत टर्मिनल. तारीख, पाणी किती लागलं आणि बॅकअप किती मिनिटं चालला, हे तीन आकडे बॅटरीच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलने लिहावेत. बॉलपेनची शाई मेच्या उन्हात उडते.